ताणाचे संप्रेरक आणि दोन टोकांचा आजार

बायपोलर डिसऑर्डर, म्हणजे द्विध्रुवी भावविकार, हा मनःस्थितीच्या दोन टोकांचा आजार आहे. एका टोकाला उन्माद असतो. झोप दोन-तीन तासांवर येते आणि तरी थकवा जाणवत नाही, बोलणे थांबत नाही, पैसा हातातून सुटतो, मोठमोठे बेत आखले जातात आणि अडवणाऱ्यावर राग निघतो. ही अवस्था आठवडाभर टिकली की डॉक्टर तिला उन्मादाचा झटका मानतात. दुसऱ्या टोकाला खोल औदासीन्य असते. किमान दोन आठवडे माणूस कशातच रमत नाही, उठावेसे वाटत नाही, जगणे नकोसे होते. मधल्या काळात तो महिनोन्‌महिने अगदी ठीक असू शकतो. ‘आता बरा झाला’ असे घरच्यांना वाटते, गोळ्या बंद होतात आणि काही महिन्यांत आजार पुन्हा डोके वर काढतो.

बेंगळुरूच्या निम्हान्स संस्थेने २०१५-१६ मध्ये १२ राज्यांत राष्ट्रीय मानसिक आरोग्य सर्वेक्षण केले. आयुष्यात कधी ना कधी हा आजार झालेल्या प्रौढांचे प्रमाण त्यात ०.५ टक्के आढळले आणि त्यांतले सुमारे ७० टक्के लोक उपचाराबाहेर होते. त्या १२ राज्यांत महाराष्ट्र नव्हता, पण शेजारची मध्य प्रदेश, छत्तीसगड आणि गुजरात ही राज्ये होती. तेच प्रमाण अकोला जिल्ह्यातल्या प्रौढांना लावले, तर आकडा सहा हजारांच्या आसपास जातो. आजार बहुधा कॉलेजच्या किंवा नव्या नोकरीच्या वयात सुरू होतो, त्यामुळे त्याची किंमत शिक्षण, लग्न आणि रोजगार या तिन्हींत मोजावी लागते.

हा आजार घराण्यात चालतो, यात शंका नाही. एकाच फलित पेशीतून जन्मलेल्या जुळ्यांपैकी एकाला तो असेल, तर दुसऱ्यालाही होण्याची शक्यता ढोबळमानाने ४० ते ७० टक्के असते. आई-वडिलांपैकी एकाला असेल, तर मुलाला होण्याची शक्यता १० टक्क्यांच्या आसपास असते. स्थळे पाहताना ‘त्या घराण्यात खूळ आहे’ एवढ्या वाक्यावर बैठक मोडते, तेव्हा उरलेले ९० टक्के कोणी मोजत नाही. जुळ्यांचा आकडाही १०० पर्यंत जात नाही. जनुके तंतोतंत सारखी असूनही एका भावाला आजार होतो आणि दुसरा त्यातून सुटतो. या फरकाचे उत्तर शोधताना संशोधक ताणाच्या संप्रेरकांपर्यंत पोहोचले.

आजाराला कारण ठरणारे एकच जनुक सापडलेले नाही आणि सापडण्याची शक्यताही नाही. २०२५ च्या जानेवारीत ‘नेचर’ या नियतकालिकात आलेल्या अभ्यासात १ लाख ५८ हजार रुग्णांच्या डीएनएची तुलना निरोगी लोकांशी केली होती. त्यातून आजाराशी संबंधित २९८ जागा मिळाल्या. प्रत्येक जागेचा स्वतःचा वाटा नगण्य आहे. शेकडो लहान वाटे एकत्र येतात तेव्हा आजाराकडे कल तयार होतो. कल असलेल्या माणसाच्या पेशीत पुढे काय घडते, हा जनुकांच्या अभिव्यक्तीचा विषय आहे.

माणसाच्या पेशीत प्रथिने बनवणारी सुमारे २० हजार जनुके असतात. यकृताच्या पेशीत आणि मेंदूच्या पेशीत ती तीच असतात, पण कोणत्या पेशीत कोणत्या जनुकाचे काम चालावे आणि किती चालावे, हे वेगवेगळे ठरते. जनुकाची आरएनएच्या रूपात नक्कल निघते आणि तिच्यावरून प्रथिन तयार होते. नकला जास्त निघाल्या की प्रथिन साधारणपणे जास्त बनते, निघाल्याच नाहीत तर जनुक असून नसल्यासारखे. जनुकाचा मजकूर जन्मभर बदलत नाही. त्याच्या नकला किती निघाव्यात हे मात्र वय, आहार, झोप, औषधे, संसर्ग आणि ताण यांनुसार सतत बदलत राहते.

ताणाचा संदेश पेशीपर्यंत नेणारे मुख्य संप्रेरक म्हणजे कॉर्टिसॉल. निरनिराळ्या आघातांना शरीर एकाच ठरावीक पद्धतीने प्रतिसाद देते, हे हान्स सेलिये यांनी १९३६ मध्ये मांडले. त्या प्रतिसादाचा मार्ग आता नीट माहीत आहे. मेंदूच्या तळाशी असलेला हायपोथॅलॅमस सीआरएच हे संप्रेरक सोडतो. त्याने पीयूषिका ग्रंथी एसीटीएच सोडते. ते रक्तातून मूत्रपिंडांवर बसलेल्या ॲड्रिनल ग्रंथींपर्यंत जाते आणि तिथून कॉर्टिसॉल बाहेर पडते. साखर वाढवणे, रक्तदाब टिकवणे, दाह आवरणे ही त्याची कामे. निरोगी माणसात पहाटेपासून ते चढते, जाग आल्यावर अर्ध्या-पाऊण तासात शिखर गाठते, दिवसभर उतरत जाते आणि मध्यरात्रीच्या सुमारास तळाला येते. कॉर्टिसॉल शत्रू नाही. त्याच्यावाचून माणूस जगत नाही. बिघाड होतो तो ते वेळेवर खाली येत नाही तेव्हा.

खाली आणण्याची सोय मेंदूतच आहे. अकोल्यात नळ रोज येत नाही, म्हणून घराघरावर टाक्या असतात आणि टाकीत बॉल-कॉक असतो. पाणी ठरल्या पातळीला आले की फुगा वर उचलला जातो आणि चावी बंद होते. कॉर्टिसॉल वाढले की ते मेंदूतल्या ग्राही प्रथिनांना जाऊन बसते आणि हायपोथॅलॅमसला थांबण्याचा इशारा मिळतो. फुग्याचा दांडा गंजला तर टाकी भरूनही पाणी वाहत राहते. बायपोलर आजारात अशीच काहीशी स्थिती असते, असे गेल्या चाळीस-पन्नास वर्षांतले संशोधन सुचवते.

हा दांडा तपासण्याची एक जुनी पद्धत आहे. बर्नार्ड कॅरोल यांनी ती १९८१ मध्ये औदासीन्याच्या निदानासाठी प्रमाणित स्वरूपात मांडली. रात्री ११ वाजता डेक्सामेथासोनची एक मिलिग्रॅमची गोळी द्यायची आणि दुसऱ्या दिवशी रक्तातले कॉर्टिसॉल मोजायचे. डेक्सामेथासोन हे कॉर्टिसॉलसारखेच काम करणारे कृत्रिम स्टेरॉइड आहे. कोरोनाच्या काळात हे नाव घरोघरी पोहोचले. २०२१ च्या फेब्रुवारीत दुसरी लाट राज्यात सर्वांत आधी अमरावती-अकोल्यात उसळली, तेव्हा ऑक्सिजनवर असलेल्या रुग्णांना तेच दिले जात होते. निरोगी माणसात या गोळीने मेंदूची फसगत होते, त्याला कॉर्टिसॉल भरपूर आहे असे वाटते आणि स्वतःचे उत्पादन तो बंद करतो. तीव्र औदासीन्याच्या बऱ्याच रुग्णांत ते बंद होत नाही. पुढे असे दिसले, की वजन घटणे, दारू सोडणे, इतर आजार अशा कारणांनीही हाच निकाल येतो. त्यामुळे निदानाची चाचणी म्हणून ती मागे पडली, पण ताणाच्या मार्गात काहीतरी बिघडलेले असते हा तिचा धडा टिकला.

बायपोलर आजारापुरते पाहायचे तर २०१६ मध्ये ४१ अभ्यासांचे एकत्रित विश्लेषण प्रसिद्ध झाले. रुग्णांमध्ये कॉर्टिसॉल आणि एसीटीएच दोन्ही वाढलेले होते. डेक्सामेथासोन दिल्यानंतरही कॉर्टिसॉल जास्तच राहत होते आणि वाढीचा संबंध उन्मादाच्या काळाशी अधिक होता. हे लक्षात ठेवण्याजोगे आहे. ताण म्हटला की लोकांच्या डोळ्यांपुढे खचलेला माणूस येतो, पण आनंदाच्या भरात नाचणाऱ्या, रात्र-रात्र जागणाऱ्या माणसाच्या रक्तातही तेच संप्रेरक चढलेले असते. मॉन्ट्रियलमध्ये मार्क एलेनबोगेन यांच्या गटाने रुग्णांच्या मुलांची लाळ तपासली, तेव्हा त्यांचेही दिवसभरातले कॉर्टिसॉल इतर मुलांपेक्षा जास्त भरले. म्हणजे ही वाढ निव्वळ आजाराचा परिणाम नसावी. उलट स्वीडनमधल्या २०१४ च्या एका अभ्यासात काही रुग्णांचे कॉर्टिसॉल फार वाढलेले, तर काहींचे फार घटलेले होते. औदासीन्य दोन्ही गटांत अधिक आढळले.

कॉर्टिसॉलचे ग्राही प्रथिन आणि जनुक यांचा संबंध अगदी थेट आहे. हे ग्राही पेशीच्या द्रवात असते. कॉर्टिसॉल त्याला चिकटले की ते पेशीकेंद्रात शिरते, डीएनएवरच्या ठरावीक जागी बसते आणि शेकडो जनुकांच्या नकला वाढवते किंवा रोखते. ताणाचा अनुभव असा अक्षरशः जनुकापर्यंत पोहोचतो. ग्राही ज्या जनुकांना चालना देते, त्यांत एफकेबीपी५ हे फार महत्त्वाचे. त्याच्यापासून बनणारे प्रथिन परत येऊन त्या ग्राहीलाच बिलगते, आणि मग ग्राहीची कॉर्टिसॉल पकडण्याची ताकद कमी होते. थोड्या प्रमाणात ही चांगली व्यवस्था आहे, प्रतिसाद मर्यादेत राहतो. पण काही लोकांमध्ये या जनुकाची अशी आवृत्ती असते, की कॉर्टिसॉलच्या इशाऱ्यावर त्याच्या नकला जरुरीपेक्षा जास्त निघतात. ग्राही बधिर होते, थांबण्याचा इशारा मेंदूपर्यंत उशिरा जातो आणि कॉर्टिसॉल तासन्‌तास वरच राहते.

बालपणाचा वाटा इथेच येतो. डीएनएवर मिथाइल नावाचे लहान रासायनिक गट चिकटतात किंवा सुटतात, आणि त्यावर जनुक किती वाचले जाईल हे अवलंबून असते. २००४ मध्ये कॅनडातल्या मॅकगिल विद्यापीठात मायकेल मीनी आणि मोशे झीफ यांच्या गटाने उंदरांवर प्रयोग केले. ज्या पिलांना आई भरपूर चाटत होती, त्यांच्या मेंदूत कॉर्टिसॉल-ग्राहीच्या जनुकावर मिथाइल गट कमी होते, ग्राही जास्त बनत होते आणि मोठेपणी ती ताणातून लवकर सावरत होती. दुर्लक्षित पिलांत याच्या उलट. मग २०१३ मध्ये म्युनिकमधल्या एलिझाबेथ बिंडर यांच्या गटाने माणसांत असे दाखवले, की एफकेबीपी५ ची जोखमीची आवृत्ती असलेल्यांनी बालपणी अत्याचार सोसले असतील, तर त्या जनुकावरचे मिथाइल गट सुटलेले असतात. नुसत्या आवृत्तीने किंवा नुसत्या अत्याचाराने तसे होत नव्हते, दोन्ही एकत्र यावे लागत. हा अभ्यास बायपोलर रुग्णांपुरता नव्हता. पण बायपोलर रुग्णांत बालपणीच्या छळाचे, विशेषतः सततच्या अपमानाचे आणि धाकाचे प्रमाण इतरांपेक्षा कितीतरी जास्त असते, हे एकत्रित विश्लेषणांत दिसले आहे. मारल्याशिवाय पोर सुधारत नाही असे मानणाऱ्या घरांनी आणि शाळांनी याकडे गंभीरपणे पाहायला हवे.

या सगळ्याला मर्यादा आहेत आणि त्या मोठ्या आहेत. जिवंत माणसाच्या मेंदूतला तुकडा काढून जनुके मोजता येत नाहीत. त्यामुळे संशोधक मृत्यूनंतर दान झालेले मेंदू तरी वापरतात, नाहीतर रक्ताच्या पेशी. मृत रुग्णाने वर्षानुवर्षे औषधे घेतलेली असतात, म्हणून जनुकातला बदल आजाराचा की औषधाचा, हे सांगणे कठीण जाते. रक्तातली पेशी मेंदूतल्या पेशीची साक्ष कितपत देईल, हाही प्रश्न आहे. यावर उपाय म्हणून निम्हान्स आणि बेंगळुरूच्याच दोन जीवशास्त्र संस्था मिळून आजार असलेल्या भारतीय कुटुंबांतल्या सदस्यांच्या रक्तपेशींपासून मूळ पेशी आणि त्यांतून मज्जापेशी वाढवत आहेत. त्या पेशींवर लिथियमचा परिणाम प्रयोगशाळेत पाहता येतो. तोवर एक गोष्ट स्पष्ट आहे. कॉर्टिसॉलची किंवा जनुकांची चाचणी करून बायपोलर आजाराचे निदान होत नाही. तसा दावा करणाऱ्या महागड्या तपासण्यांवर पैसे घालवू नयेत. निदान आजही रुग्णाशी आणि घरच्यांशी सविस्तर बोलूनच होते.

ताण या शब्दाला वऱ्हाडात वेगळे वजन आहे. बोलण्यात तो ‘टेन्शन’ असतो आणि त्यात कर्ज, नापिकी, कापसाचा भाव, मुलीचे लग्न सगळे येते. शेतकरी आत्महत्या वाढल्यावर २००६ मध्ये पंतप्रधानांनी विदर्भातल्या सहा जिल्ह्यांसाठी ३,७५० कोटींचे पॅकेज जाहीर केले, त्यांत अकोला आणि अमरावती होते. शेतकरी आत्महत्यांचे कारण जनुकांत शोधणे साफ चूक ठरेल. जनुके एका पिढीत बदलत नाहीत, बाजार आणि पाऊस बदलतात. पण ज्याच्या अंगात आजाराकडे कल आहे, त्याच्यावर हाच ताण अधिक घातक ठरतो. बायपोलर रुग्णांत आत्महत्येचा धोका सर्वसाधारण लोकांच्या २० ते ३० पट मानला जातो. ‘विश्राम’ या प्रकल्पाने अमरावती जिल्ह्यातल्या ३० गावांत गावातल्याच कार्यकर्त्यांमार्फत औदासीन्यावर काम केले. उपचारापर्यंत पोहोचणाऱ्यांचे प्रमाण ४.३ वरून २७.२ टक्क्यांवर गेले, असे २०१७ च्या ‘लॅन्सेट सायकिअॅट्री’तल्या लेखात नोंदले आहे. अशा कामात एक काळजी आवश्यक असते. औदासीन्य घेऊन आलेल्या माणसाला पूर्वी कधी उन्माद झाला होता का, हे विचारायलाच हवे. बायपोलर रुग्णाला नुसती औदासीन्याची गोळी दिली, तर तो थेट दुसऱ्या टोकाला जाऊ शकतो. अकोल्यात सर्वोपचार रुग्णालयात मानसोपचाराची सोय आहे आणि टेलिमानस या सरकारी मानसिक आरोग्य हेल्पलाइनच्या १४४१६ या क्रमांकावर मराठीतही बोलता येते.

झोप हा ताण आणि जनुक यांच्यातला सर्वांत नाजूक दुवा आहे. शरीराचे दिवस-रात्रीचे घड्याळ काही जनुकांवर चालते. त्यांतल्या पीईआर१ या जनुकाला कॉर्टिसॉलचे ग्राही थेट चालना देते. कॉर्टिसॉल अवेळी चढले की घड्याळ सरकते आणि घड्याळ सरकले की कॉर्टिसॉल अवेळी चढते. २००७ मध्ये क्लॉक नावाच्या जनुकात बदल केलेले उंदीर उन्माद झाल्यासारखे वागताना दिसले. ते कमी झोपत, धोका पत्करत, आणि लिथियम दिल्यावर बरेचसे ताळ्यावर येत. रुग्णांत तर एक-दोन रात्रींच्या जागरणानेही उन्माद सुरू झालेला पाहायला मिळतो. वऱ्हाडात जागरणाची कारणे शेतातच असतात. कृषिपंपांची वीज पाळीने रात्री आली, की हरभऱ्याला ओलित करायला मोटार रात्रीच सुरू करावी लागते. रोही आणि रानडुकरांपासून पीक राखायला जागल करावी लागते. घरात बायपोलर आजाराचा रुग्ण असेल, तर ही दोन्ही कामे दुसऱ्या कोणी घ्यावीत. लग्नसराईतली रात्रभरची धावपळही त्याच्या वाट्याला देऊ नये. गोळीइतकेच याचे महत्त्व आहे. पहिल्या काही झटक्यांमागे बहुधा एखादा मोठा ताण सापडतो, नंतरचे झटके लहानशा कारणानेही येऊ लागतात, असे अमेरिकी मानसोपचारतज्ज्ञ रॉबर्ट पोस्ट यांनी १९९२ मध्ये मांडले. सुरुवातीचे झटके टाळणे म्हणूनच मोलाचे आहे.

कॉर्टिसॉलचा मनावर परिणाम होतो याचा सर्वांत उघड पुरावा स्टेरॉइडच्या औषधांत मिळतो. १९७२ मध्ये बोस्टनच्या एका मोठ्या पाहणीत प्रेडनिसोन घेणाऱ्या रुग्णांची नोंद ठेवली गेली. दिवसाला ४० मिलिग्रॅमपर्यंत डोस असणाऱ्यांत मानसिक त्रास १.३ टक्क्यांना झाला, ८० च्या वर डोस असणाऱ्यांत १८.४ टक्क्यांना. दमा, संधिवात, त्वचारोग यांवर ही औषधे जीवनदायी आहेत आणि गरज असेल तेव्हा ती घ्यावीतच. पण गुडघेदुखीवर कुठून तरी आणलेली नाव नसलेली पुडी किंवा दुकानातून परस्पर घेतलेले स्टेरॉइड बायपोलर रुग्णासाठी उन्मादाचे निमंत्रण ठरू शकते. डॉक्टर कोणताही असो, त्याला आधी आजार सांगावा.

मग कॉर्टिसॉल रोखणारे औषध देऊन आजार बरा का करू नये? प्रयत्न झाले आहेत. इंग्लंडमध्ये न्यूकॅसलच्या संशोधकांनी ग्राहीला अडवणारे मिफेप्रिस्टोन आठवडाभर दिले. २०१२ मध्ये प्रसिद्ध झालेल्या ६० रुग्णांच्या चाचणीत जागा लक्षात ठेवण्याची स्मरणशक्ती सुधारली, मनःस्थिती सुधारली नाही. हा मार्ग अजून दवाखान्यापर्यंत आलेला नाही.

गंमत अशी, की जुनी औषधेच जनुकांच्या अभिव्यक्तीवर काम करतात हे नंतर उमगले. व्हॅल्प्रोएट हे डीएनएभोवतीच्या प्रथिनांवरची एक रासायनिक क्रिया रोखते, त्यामुळे काही जनुके अधिक वाचली जातात. तेच औषध गर्भावस्थेत घेतले, तर सुमारे १० टक्के बाळांत जन्मजात व्यंग येते. म्हणून मूल होण्याच्या वयातल्या मुलींना आणि स्त्रियांना शक्यतो दुसरे औषध दिले जाते. लिथियमचा उपयोग ऑस्ट्रेलियाचे जॉन केड यांनी १९४९ मध्ये दाखवला. ते जीएसके-३ हे विकर रोखते आणि त्यातून मज्जापेशींचे रक्षण करणाऱ्या अनेक जनुकांचे काम बदलते. ४८ चाचण्यांच्या २०१३ मधल्या विश्लेषणात मनःस्थितीच्या विकारांच्या रुग्णांत लिथियमने आत्महत्या घटल्याचे आढळले. स्वस्त आहे, जुने आहे, म्हणून त्याला कमी लेखू नये.

मात्र लिथियमची उपयोगी पातळी आणि विषारी पातळी यांत अंतर थोडे आहे. रक्तात लिटरमागे ०.६ ते १.० मिलिमोल हे प्रमाण ठीक, १.५ च्या वर धोका. ते मूत्रपिंडातून बाहेर पडते. जमिनीखालचे पाणी खारट असलेल्या खारपाणपट्ट्यातल्या गावांत मूत्रपिंडाच्या तक्रारी वारंवार ऐकू येतात, म्हणून तिथल्या रुग्णाची क्रिएटिनिन आणि थायरॉइडची तपासणी सुरुवातीला आणि पुढे दर सहा महिन्यांनी झालीच पाहिजे. अकोल्यात मे महिन्यात पारा ४५ अंशांच्या वर जातो. २०२४ च्या मेअखेर उष्णतेमुळे जिल्ह्यात जमावबंदी लावावी लागली होती. अंगातले पाणी आणि मीठ कमी झाले, की मूत्रपिंड सोडियम धरून ठेवते आणि त्यासोबत लिथियमही अडकते. गोळी तीच राहते आणि रक्तातली पातळी वाढते. नवतपात पाणी, ताक, ओआरएस भरपूर घ्यावे आणि रक्तदाबासाठी मीठ एकाएकी तोडायचे असल्यास आधी मानसोपचारतज्ज्ञाला विचारावे. डायक्लोफेनॅक, आयबुप्रोफेन या वेदनाशामकांनीही पातळी वाढते. तापासाठी पॅरासिटामॉल चालते. पातळीसाठी रक्त रात्रीच्या गोळीनंतर बारा तासांनी, सकाळची गोळी घेण्याआधी द्यायचे असते. हात जोराने थरथरू लागले, उलट्या-जुलाब सुरू झाले, चालताना तोल जाऊ लागला किंवा जीभ जड झाली, तर पुढची गोळी न देता रुग्णाला त्याच दिवशी रुग्णालयात न्यावे आणि तो लिथियम घेतो हे दारातच सांगावे.